बारा बाळांची लाल यादी

चहा घ्या आणि ऐका. फक्त हे आमच्या सासऱ्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. या घोळात माझी जेवढी शोभा झाली, तेवढीच त्यांच्या भाषणांचीही झाली.

मी तेलंगणात, बोथजवळच्या एका गावात राहते. मराठी माध्यमातून बी.ए., नवरा शाळेत क्लार्क आणि कडेवर दहा महिन्यांची स्वरा. स्वरा शिंकली की मी थर्मामीटर काढते. नाही शिंकली तर, का बरं शिंकली नाही, म्हणून काढते. यावरून काय ते समजून घ्या.

तर झालं असं, की आदिलाबादच्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून पद्मा मॅडम गावात आल्या. मेडिकल कॉलेजला लायब्ररी असते हे मला माहीत होतं, पण ती गावोगाव फिरते हे नव्हतं. मॅडम तेलुगू, मराठी तोडकंमोडकं, पण बोलायची हौस दांडगी. त्यांनी सांगितलं ते मला एकदम पटलं. लहान पोरं काय खातात याचा अभ्यास डॉक्टर लोक करतात, पण फॉर्म असतात तेलुगूत नाहीतर इंग्रजीत. मग आमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्या, गोंडी बोलणाऱ्या आया गळून जातात. पुस्तकात आमची पोरं नाहीतच. आणि पुढे औषधं ठरतात, योजना ठरतात, त्या दुसऱ्याच पोरांकडे पाहून.

म्हणून लायब्ररीने फॉर्म मराठीत आणला होता आणि तो बायकांना कळतो का, हे तपासायला त्यांना कुणीतरी शिकलेली आई हवी होती. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी आठ दिवस तो फॉर्म घासूनपुसून काढला. ‘पूरक आहार’ खोडून ‘वरचं खाणं’ लिहिलं. वर मॅडमना ऐकवलंसुद्धा, की प्रश्न सोपा असला की आई खरं बोलते. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग उजाडला विचारायचा दिवस. अंगणवाडीच्या ओसरीवर आम्ही बारा आया. पोरं घरी झोपलेली, त्यांची वजनं दुसऱ्या फेरीत करायची होती. मॅडम प्रश्न विचारणार, आपण उत्तर द्यायचं, त्या लिहिणार. पहिला नंबर अर्थातच माझा.

“बाळ कसं आहे?” मॅडमनी विचारलं.

आता इथे थोडं थांबून सांगते. आमच्या घरी नजरबिजर मानत नाहीत. सासरे दर रविवारी विहारात यावर बोलतात. पण सासूबाईंनी मला लग्नानंतर दोनच गोष्टी शिकवल्या, एक वांग्याची भाजी आणि दुसरी ही: “पोरगी कशी हाये कोनं इचारलं, तं गुटगुटीत हाये मनू नको. बारीक हाये, खात नाई, असंच सांगाचं.” आणि त्या क्षणी ओसरीवर माझ्या बरोबर समोर शेवंताकाकू बसलेल्या. शेवंताकाकूंनी एकदा कुणाच्या तरी म्हशीला छान म्हटलं होतं. ती म्हैस पुढे आठ दिवस आटली, असं गावात सांगतात. मी मानत नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझी बी.ए. कुठल्या कुठे गेली.

“काय सांगू मॅडम,” मी म्हटलं, “बारीकच आहे.”

“किती वेळा खाते?”

“खातच नाही.”

“दूध?”

“तोंड फिरवते. नुसती हाडं उरलीत बघा.”

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि लिहून घेतलं. मी सही केली, सुवाच्य अक्षरात. माझ्यानंतर बाकीच्या अकरा जणी. पहिलीचं पोर खात नाही म्हटल्यावर दुसरी कशी म्हणेल की माझं दोन भाकरी हाणतं? तिने स्वतःच्या पोराला ताप जोडला, तिसरीने जुलाब. अकरावीपर्यंत येईतो आमच्या गावातलं एक पोर धड राहिलं नव्हतं. बारावी होती शेवंताकाकूंची सून पुष्पा. ती खाली बघून एवढंच म्हणाली, “वजन वाढून नाई राह्यलं.” तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. तोवर आम्ही सगळ्या उठून पदर झटकत होतो.

आठ दिवसांनी फोन आला. मेडिकल कॉलेजमधून, एक डॉक्टर, हिंदीत. “आपकी बच्ची लाल लिस्ट में है. आज ही लेके आइए, बेड रखा है.” पुढे तो जीपबद्दल काहीतरी सांगत होता, पण मी फोन ठेवून चपला शोधत होते.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला फॉर्म आठवला नाही? देवाशपथ, नाही आठवला! मला आठवली चार दिवसांपूर्वी डोस द्यायला आलेली सिस्टर. तिने स्वराकडे दोनदा निरखून पाहिलं होतं. तेव्हाच मला वाटलं होतं, हिला काहीतरी दिसलंय आणि ही बोलत नाहीये.

मी आणि सासूबाई हायवेपर्यंत ऑटोने आणि तिथून बसने निघालो. बसमध्ये स्वराने एक केळं खाल्लं. मग बिस्किटांचा पुडा संपवला. मग शेजारच्या बाईच्या डब्यातल्या भाकरीकडे हात केला. मला रडू फुटलं. एवढी भूक, हेच आजाराचं लक्षण असणार. मोबाईलवर शोधलं, तर मोबाईलने सात आजार दाखवले. त्यांतले तीन मला स्वतःलाच होते.

“काऊन रडून राह्यली?” सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच पदराने डोळे पुसायला लागल्या.

वॉर्डात पोचलो तर खरंच बेड तयार. तरुण डॉक्टर धावत आला.

“बच्ची कहाँ है?”

“यही है,” मी म्हटलं.

त्याने स्वराकडे पाहिलं. स्वराने त्याचा स्टेथोस्कोप धरून तोंडात घातला होता.

“ये नहीं. वो जो कुछ खाती नहीं.”

“सर, यही है.”

वजन केलं. तपासलं. पुन्हा वजन केलं. शेवटी म्हणाला, बच्ची एकदम ठीक आहे, उलट बिस्किटं कमी करा. इतकी वर्षं लोक ‘जीव भांड्यात पडला’ म्हणतात ना, त्या भांड्याचा आवाज मला त्या दिवशी ऐकू आला.

तेवढ्यात पद्मा मॅडम कागद घेऊन आल्या. “मग हे काय?” त्यांनी माझ्यापुढे धरलं. खातच नाही. तोंड फिरवते. नुसती हाडं. आणि खाली माझी सही, सुवाच्य अक्षरात.

मी काही बोलायच्या आधी सासूबाई पुढे झाल्या आणि अभिमानाने म्हणाल्या, “म्याच शिकवलं तिले.”

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण फाटकात जीप थांबली आणि त्यातून आमच्या गावच्या बाकीच्या अकरा आया उतरल्या, कडेवर अकरा पोरं. बाराच्या बारा लाल यादीत. डॉक्टर एकेकाला काट्यावर बसवत गेला, आणि प्रत्येक पोर उतरवताना माझ्याकडे बघत गेला.

स्वरा धरून अकरा पोरं ठणठणीत निघाली. पुष्पाचा मुलगा मात्र खरंच खूप बारीक होता. त्याला ठेवून घेतलं. मॅडम मला बाजूला नेऊन हळूच म्हणाल्या, “तुम्ही सगळे खोटं, मग हिचं खरं मला कसं कळणार?” पुष्पाचा मुलगा आता बरा आहे, गालही भरलेत. मी दर दोन-चार दिवसांनी त्याला बघून येते.

पुढे लायब्ररीने विचारायची पद्धतच बदलली. आईला एकटीला, आतल्या खोलीत विचारायचं. आधी काटा, मग प्रश्न. आणि विचारणाऱ्या बायांच्या पिशवीत आता फॉर्म, पेन यांच्यासोबत काजळाची डबी असते. आधी तीट लावून घ्या, मग खरं सांगा. ही डबी माझी सूचना, बरं का.

मागच्या महिन्यात मॅडमनी मला आदिलाबादला बोलावलं, नव्या बायांना शिकवायला. मी अर्धा तास बोलले. खरं उत्तर का महत्त्वाचं, एका खोट्याने खरं पोर कसं लपतं, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली एक बाई कौतुकाने म्हणाली, “ताई, आता कशी आहे तुमची पोरगी?”

“काय सांगू बाई,” मी म्हटलं, “काही खातच नाही.”

पद्मा मॅडम उठल्या, पिशवीत हात घातला आणि काजळाची डबी माझ्यापुढे ठेवली.