बिरूमामांची हाक

बिरूमामांचा मुलगा शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिला तेव्हा मी तिसरीच्या वर्गावर आवाज चढवून पाढे म्हणवून घेत होते. खिडकीतून मला आधी त्याच्या खांद्यावरचं घोंगडं दिसलं आणि वाटलं, मामाच आलेत. बाहेर गेले. म्हणाला, "बाई, आबा गेलं." कधी? तर तीन आठवडे झाले होते. मंगळवेढ्याहून यष्टीने यायला त्याला सवड आज मिळाली होती. "मास्तरीणबाईस्नी तेवढं कळीव, म्हनलं व्हतं आबांनी," असं सांगून तो पायांकडे बघत राहिला. मी त्याला चहा पाजला, बसस्टँडपर्यंत पोचवलं आणि परत येऊन उरलेले पाढे पूर्ण करून घेतले. रडू आलं नाही... मला ते वेळेवर कधीच येत नाही. त्याचं कारण पुढे सांगतेच.

बिरूमामा माझ्या नात्यातले कुणी नव्हते. आम्ही पेठेत राहणारे लिंगायत, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. ते मेंढपाळ, धनगर. गुडघे गेले, चालवेना, म्हणून मेंढरं मुलाच्या हवाली करून सोलापुरात रोजंदारीवर आले. दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या घरात देवी आल्या आणि आरोग्य खात्याने दारावर पहारा बसवला. तो पहारा म्हणजे बिरूमामा. तोंडावर देवीचे खोल व्रण, डावा डोळा लहानपणीच गेलेला. एकदा देवी येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, म्हणून असाच माणूस त्यांनी निवडला होता. समोरच्या विजेच्या खांबाला टेकून घोंगडं अंथरायचं आणि आमच्या दारावरचा डोळा काढायचा नाही, एवढंच त्यांचं काम. आत कुणी येणार नाही आणि बाहेर कुणी जाणार नाही.

देवी आल्या होत्या माझ्या मुलाला. उमेशला. सहावं सरलं नव्हतं अजून त्याला... आणि त्या का आल्या तेही लिहिते, नाहीतर या लेखाला काही अर्थ नाही. मी शिक्षिका. शाळेत देवी काढायला, म्हणजे लस टोचायला, माणसं आली की पोरांचे दंड मीच घट्ट धरायची, रडणाऱ्याला दटावायची, पळणाऱ्याला कान धरून आणायची. तीच माणसं गल्लीत आली त्या दिवशी मी स्वतःच्या मुलाला धान्याच्या खोलीत कोंडून "मुलगा मामाकडे गेलाय" असं सांगितलं. का? तर दोन दिवसांनी करमाळ्याला बहिणीच्या मुलाचं जावळ होतं. दंड सुजेल, ताप येईल आणि जाणं राहील म्हणून. परत आल्यावर काढून घेऊ म्हटलं. ते परत आल्यावर राहून गेलं ते गेलंच.

घरात आम्ही चौघं. मी, हे, उमेश आणि आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही अत्ती म्हणतो. दुकान बंद, शाळा बंद. शेजारचे लोक दूध आणि भाजी खांबापाशी ठेवायचे, मामा ती काठीने पायरीपर्यंत सरकवायचे. आणि घरात देवीआई आलेली म्हणून अत्तींचे नियम. फोडणी नाही, वेणीफणी नाही, आवाज चढवायचा नाही, आणि काही झालं तरी रडायचं नाही. मी जरा जोरात बोलले की "सुम्मनिरू!" म्हणून त्या तोंडावर बोट ठेवायच्या. कोंडलेली माणसं चार दिवसांत एकमेकांच्या अंगावर यायला लागतात हो! आम्ही भांडायचो तेही कुजबुजत. कुजबुजत भांडून पाहा कधी, डोकं फिरायची वेळ येते. हे तर तेही करेनात. दिवसभर आढ्याकडे बघत पडायचे. सोमवार कुठला आणि गुरुवार कुठला, सगळं एकच होऊन गेलं होतं.

त्या दिवसांना एकच कड होती. दिवेलागणीची. संध्याकाळी आरोग्य खात्याचे साहेब सायकलवर येऊन विचारायचे, घरात किती? मामांना लिहिता येत नव्हतं, म्हणून साहेब यायच्या आधी ते मेंढरं मोजत तशी आमची मोजणी करायचे. खांबापाशी उभे राहून हाक मारायचे, "थोरल्या आक्का हाय का?" अत्ती खिडकीतून "आहे" म्हणायच्या. "मल्लूआण्णा हाय का?" हे हुंकार द्यायचे. "उमेसदादा हाय का?" आणि अंगभर फोड उठलेलं माझं पोर अंथरुणातून ओरडायचं, "हाऽऽय!" त्याला ते भारी आवडायचं. दुपारपासून विचारायचा, मामा कधी बोलावणार? सगळ्यात शेवटी, "मास्तरीणबाई हाय का?" मी उत्तर द्यायची नाही. मला ते अपमानाचं वाटायचं. आम्ही काय मेंढरं आहोत? एकदा तसं खिडकीतून सुनावलंही. तर म्हणाले, "बाई, एकलं कोंडलं तर मेंढरूबी चारा सोडतंय. सांजंला नाव घेतलं की त्याला कळतंय, आपल्यावर कुनाची तरी नदर हाय. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला काय सांगू?" मी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र "आहे" म्हटलं. तेही जरा तोऱ्यातच.

नवव्या दिवशी पहाटे उमेश गेला.

नेताना हे आणि खात्याची दोन माणसं होती. मी उंबऱ्यापर्यंतच. समाचाराला कुणी यायचं नाही, आणि आई अजून घरात आहे म्हणून रडायचं नाही. माझी आई केम गावी, तिला कळलं ते आठवड्याने. अत्ती म्हणाल्या, देवीची इच्छा. त्या संध्याकाळी मामांनी थोरल्या आक्का, मल्लूआण्णा आणि मास्तरीणबाई एवढीच नावं घेतली. साहेबांनी विचारलं, किती? मामा म्हणाले, तीन. खिडकीआडून मी ते ऐकलं... त्यानंतर रोज ऐकत होते. आमचा कोंडवाडा अजून तीन आठवडे चालायचा होता, आणि त्या घरात उमेशचं नाव कुणी काढत नव्हतं. त्याचे कपडे अत्तींनी कधी जाळले तेही मला कळलं नाही. नाव नाही, कपडे नाहीत, रडणं नाही. पोर होतं की नव्हतं असं झालं.

आमच्या परसात आड आहे. पाण्याला म्हणून जायची ती तिथे बसायला लागले. आधी थोडा वेळ, मग बराच. एका संध्याकाळी मी बसले नाही, कठड्यावर चढले. स्पष्टच लिहिते. भीती वाटत नव्हती, दुःखही होत नव्हतं, फक्त कंटाळा आला होता, प्रचंड कंटाळा. पलीकडून नेहमीची हाक सुरू झाली. थोरल्या आक्का. मल्लूआण्णा. आणि मग, त्याच आवाजात, तेवढ्याच लांबणीने, "उमेसदादा हाय का?"

आतून अत्तींचं "शिव शिव" ऐकू आलं. मामांनाही कळलं असणार, कारण पुढचं माझं नाव आलंच नाही. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. पोर ओ देऊ शकत नव्हतं, म्हणून मी दिली. "हाय!" केवढ्याने ओरडले मी! कठड्यावरून उतरून, परसातून माजघर ओलांडून, खिडकीचे गज धरून पुन्हा ओरडले, "हाय!" आणि मग मला रडू फुटलं. अत्ती तोंड दाबायला आल्या, मी त्यांचा हात झिडकारला. गजाला डोकं लावून मी सगळ्या गल्लीसमोर ओरडले, "मामा, मी लपवलं त्याला! देवी काढायला आले तेव्हा मीच लपवलं!" लोक काय म्हणतात अशा वेळी? तुमचा काय दोष, नशीब असतं, असंच ना? मामा पायरीपर्यंत आले, उंबऱ्याला पाय न लावता उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय बाई. चुकलंच तुमचं." मग म्हणाले, "पर उद्या सांजंला ओ द्याची. इसरायचं न्हाय."

त्या दोन वाक्यांवर मी जगले. त्यातलं एक वाक्य पुरलं नसतं. पहारा उठेपर्यंत मामा रोज चार नावं घेत आणि साहेबांना तीन सांगत. तिसऱ्या नावाला मी ओ द्यायची.

पुढे ते गावी परतले. वर्षातून एकदा, सोलापुरात काही काम निघालं की येऊन जायचे. आत या म्हटलं तरी येत नसत. "हितंच बरं," म्हणून खांबाला टेकून बसायचे, मी चहा बाहेर न्यायची. उठताना चार नावं घ्यायचे. साऱ्या जगात माझ्या पोराचं नाव तेवढं एकच माणूस मोठ्याने घेत होतं. यांनी तर त्या दिवसापासून ते नाव एकदाही उच्चारलेलं नाही. मी मनात धरून चालले होते की मामांनी त्या दिवशी मुद्दाम हाक मारली, मला बाहेर काढायला. शहाणा माणूस, जाणून केलं. गेल्या दिवाळीनंतर ते आले ते थकलेलेच. दम लागत होता. चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाले, "बाई, एक बोलायचं ऱ्हायलंय. त्या दिशी पोराचं नाव तोंडातनं चुकून गेलं वो. वळन पडलं व्हतं जिभंला. आईच्या काळजावर डागनी दिली मी. तुमी ओ दिली, मग माघारी घेता यीना, म्हनून रोज घेत गेलो. माफी कराची." सांगायचं होतं, मामा, त्या वेळी मी कुठे उभी होते ते तुम्हाला ठाऊक नाही. पण आडाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "असू द्या हो मामा, काहीतरीच काय," एवढंच बोलले. त्यांची यष्टी साडेचारची होती. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. माझ्या पुढच्या खेपा या अशाच. जावळाहून परत आल्यावर काढून घेऊ म्हटलेल्या देवींसारख्या.

एक चांगला माणूस, आपण एका आईला दुखावलं असं समजून गेला. माझा जीव वाचवून गेला आणि त्याला ते कळलंच नाही. चुकलंच माझं.

मुलगा येऊन गेला त्या रात्री मी यांना आडाचं सांगितलं. सात-आठ वर्षांनी. हे कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले. झोपले नव्हते ते मात्र मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी दारात गेले. खांबापाशी कुणी नव्हतं. एवढी वर्षं संध्याकाळ झाली की मनातल्या मनात चार नावं घ्यायची मला सवय, त्या दिवशी मोठ्याने घेतली. "थोरल्या आक्का हाय का?" अत्तींना आता कमी ऐकू येतं, पण "आहे गं" म्हणाल्या. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेतलं. "मल्लूआण्णा हाय का?" आतून हुंकार आला. "उमेसदादा हाय का?"

मी ओ द्यायला तोंड उघडलं. त्याआधी आतून, दिवाही न लावलेल्या खोलीतून, यांचा आवाज आला. "हाय." मी चौकट धरून उभी राहिले, पुढचं नाव मला सुचेचना. तेवढ्यात हे बाहेर आले, माझ्या मागे येऊन थांबले, आणि अगदी बिरूमामा मारायचे तशी हाक मारायचा प्रयत्न करत म्हणाले, "मास्तरीणबाई... हाय का?"

"हाय," म्हटलं मी. "हाय."