शिरसाचं पान

गव्हाच्या बांधावर आपसूक उगवलेली दोन झाडं काल शेजारी शेजारी उभी दिसली. एक मोहरी, दुसरा तिच्याच गोतातला शिरस. दोन्हींना चार पाकळ्यांची तीच पिवळी फुलं. कुठलं कोणतं, ते कळेना म्हणून मी वाकून बघत राहिले. शेजारी खुरपणाऱ्या बाईंना माझी अडचण समजली असावी.

"फुलाकडं नका बघू, ताई. पान बघा. शिरसाचं पान खोडाला मिठी मारून असतं. मोहरीचं देठावर लांब उभं राहतं."

मी फुलावरची नजर पानाकडे वळवली. फूल बघून नाव सांगणारी पुस्तकं मी कितीतरी चाळली होती. कोण कुणाला धरून आहे, हे एकानंही विचारलं नव्हतं.

मी आणि सुमी पाठोपाठच्या बहिणी. आई एकाच कापडातून दोघींचे फ्रॉक शिवायची, त्यामुळे लोक घोटाळायचे. आई हसून सांगायची, "पदर धरून असते ती सुमी. लांब उभी राहते ती थोरली."

एका थंडीत सुमी तापानं गेली. पंधरा दिवसांनी आई चुलीपुढे भाकरी करत होती. मी मागून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा पदर धरला.

"सोड गं सुमे, भाकरी करपेल," मागे न बघता आई म्हणाली.

मग तिचे हात थांबले. तिनं वळून पाहिलं नाही. मी पदर सोडला नाही. करपल्याचा वास घरभर झाला, तरी आम्ही तिघी तशाच होतो.