मेंढी कोकरू घेत नाही तेव्हा

मुलगी झाली तेव्हा मी बारामतीत एका दैनिकाच्या कचेरीत बातमीदार होते. नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. पहिलं बाळंतपण म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला माहेरी आले, इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडच्या एका गावात. बाळंतपण दवाखान्यात झालं, टाके पडले, पाचव्या दिवशी घरी सोडलं. मुलीचं वजन चांगलं होतं. दूध येत होतं. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

खोली दहा बाय दहाची. खिडकीला गोणपाट, बाजेखाली शेगडी. माझ्या कानांत कापूस, डोक्याला घट्ट फडकं. वाचलं तर डोळे जातात म्हणून पेपर ओसरीवरच राहायचा. सव्वा महिना पुरुषांनी या खोलीत यायचं नाही, अशी घरची रीत. नवरा बारामतीत शिक्षक. तो रविवारी एसटीने यायचा आणि उंबऱ्याबाहेरून विचारायचा, "बरं आहे ना?" मी "बरं आहे" म्हणायचे. कापसामुळे माझाच आवाज मला लांबून यायचा.

घरी आल्यापासून मी रडत होते. आई म्हणाली, बाळंतीण रडतेच. दहाव्या दिवसानंतर रडणं थांबलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. मुलीला पाजायचे, तिच्याकडे बघायचे, आणि ही कुणाची तरी आहे, आपल्याकडे ठेवायला दिली आहे, इतकंच वाटायचं. मग भीती सुरू झाली. मी हिच्याजवळ एकटी असले तर माझ्या हातून हिला काहीतरी होईल, ही ती भीती. हे वाक्य मी मनात अनेकदा तपासलं. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता, पण मला ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आई उठायला लागली की मी काहीतरी काम काढायचे. पाणी दे, पाठ चोळ, बस जरा.

बघायला आलेल्या चुलतीच्या ते नजरेत आलं. "आक्का, तुमची लेक लेकराकडं बघतच न्हाय की," ती आईला म्हणाली. "पेपर काढ म्हना, रोज एक काढंल. लेकराचं काय करायचं ते ठावं न्हाय."

आई हसली नाही. तिने तात्यांना विचारलं. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मेंढरं विकून घरात शेती सुरू झाली त्याला वीसेक वर्षं झाली होती, पण तात्यांचं बोलणं अजून मेंढरांचंच असायचं. ते ओसरीवर होते. कापूस असूनही मला ऐकू आलं.

"मेंढी कवाकवा कोकरू घेत न्हाय. पयलारू आसली की जास्त. तिला मारायचं नस्तं, वरडायचं नस्तं. वाघरीच्या कोपऱ्यात दोगांनाच कोंडायचं. जवळ दुसरं जनावर न्हाय, मानूस न्हाय. दोन दिसांत घेती."

"आन् न्हाय घेतलं तर?"

"माझ्या हातनं एकबी कोकरू गेलं न्हाय."

वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. तात्यांना माझं भलंच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आई उठली. मी पाणी मागितलं. तिने तांब्या हाताशी ठेवला, बाहेर गेली आणि कडी लावली. "आता तुमी दोगीच," ती दारापलीकडून म्हणाली. आवाजात माया होती.

मुलगी बाजेवर होती. मी उठून समोरच्या भिंतीला पाठ लावली. त्या खोलीत तिच्यापासून याहून लांब जाता येत नव्हतं. ती रडायला लागली. मी दोन्ही हात पाठीमागे धरले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. घड्याळ ओसरीवर होतं. शेवटी कानातला कापूस काढला, तेव्हा तात्यांचा खोकला ऐकू आला. ते राखण करत बसले होते.

"तात्या, दार उघडा."

"बस जरा, बाय. हुईल सवय."

"ती नको म्हणून न्हाय, तात्या. तिला घेतलं तर मी काय करीन, त्याचं भ्या वाटतंय. मला हिच्यापाशी एकटीला ठेवू नका."

कडी निघाली. तात्या खोलीत आले. मुलीला उचलून त्यांनी तिचं डोकं तळहातावर सावरलं. "तू हितंच ऱ्हा. मीबी हितंच हाय," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी आईला हाक मारली आणि कुणाची जीप मिळते का बघायला सांगितलं.

बारामतीच्या डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गरोदरपणात काही हार्मोन्स शरीरात खूप वाढलेली असतात, त्या म्हणाल्या. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती एकदम खाली येतात. सगळ्याच बायकांची येतात, पण काहींच्या मनाला ते सोसत नसावं.

"तेवढंच कारण आहे का?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. झोप नाही, एकटेपण आहे, त्याचाही भाग असेल. पण हा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही."

त्यांनी पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली आणि तोवर घटकाभरही एकटीला सोडू नका, असं आईला बजावलं.

तात्यांना मी हे सांगितलं. "म्हंजी मेंढराच्या अंगातबी तसलंच कायतरी उतरत आसंल," ते म्हणाले. "आन् आमी आपलं कोंडत आलो." पाहुण्यांना घरच्यांनी अशक्तपणा म्हणून सांगितलं. चुलतीने डिंकाचे लाडू पाठवले.

गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी मी बारामतीला परतले. नवरा दिवसभर शाळेत असायचा, म्हणून दुपारी शेजारणीला बोलवायचे. ती आपले गहू निवडायला आमच्याकडे आणायची. मला चोरांची भीती वाटते, अशी तिची समजूत होती. "आन् म्हणं ही पोलीस ठाण्यातनं बातम्या आणती," ती सुपातून मान वर न करता म्हणायची. मी तिची समजूत तशीच राहू दिली. त्या गल्लीत खरं कारण फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो त्यावर बोलायचा नाही.

उन्हाळ्यात एकदा शेजारीण न सांगताच कोऱ्हाळ्याला लग्नाला गेली. त्या दिवशी मी मुलीला न्हाऊ घातलं, पाजलं, झोपवलं, दोरीवरची लंगोटं काढून घड्या घातल्या. पाचच्या सुमारास नवरा आला. त्याने इकडेतिकडे बघून विचारलं, "त्या नाही आल्या आज?"

तोपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी घडी खाली ठेवली, उठले आणि मुलगी श्वास घेते आहे का ते वाकून पाहिलं. घेत होती.