चंदूने गोष्ट विचारलीच नाही

चंदूला मी ओळखते ती त्याच्या आईमुळे. चंपा ही वेसाव्याची कोळीण. अंधेरीच्या बाजारात आधी तिच्या सासूची जागा होती, सासू थकल्यावर त्याच पाटावर चंपा बसू लागली. मी तेव्हा नोकरीत होते, संध्याकाळी येता-येता तिच्याकडून मासळी घ्यायची. तिने मला कधी शिळी मासळी दिली नाही आणि मी तिच्याशी कधी घासाघीस केली नाही, असं लिहिलं तर दोन्ही खोटं ठरेल. तरी आमचं जमलं. माझे गुडघे गेल्यापासून रविवारी मासळी घेऊन चंदू वर येऊ लागला, आणि मासळीबरोबर सिनेमाही घरात येऊ लागला.

चंदू चाळिशी ओलांडलेला, रापलेला, आडवा माणूस. स्वतःच्या बोटीचा मालक आणि तांडेलही तोच. म्हणजे समुद्रावर गेल्यावर बोटीवरच्या सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. जमिनीवर मात्र तो स्वतः एकाच माणसाचं ऐकत असे, आणि तो माणूस खरा नव्हता. ‘सतरा नंबर’ नावाचा तो हिंदी सिनेमातला गुप्तहेर. त्याचे चार भाग येऊन गेले होते. वेसाव्यात त्याचा फॅन क्लब होता आणि चंदू त्याचा अध्यक्ष. बोटीच्या केबिनमध्ये एकवीरा आईचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी, जरासा खाली, काळ्या चष्म्यातला सतरा नंबर.

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो मला एकेक भाग समजावून सांगायचा. पहिला कच्चा, पण जीव लावून केलेला. दुसरा सगळ्यात भारी, कारण त्यातल्या व्हिलनला व्हिलन व्हायला काही कारण होतं. तिसऱ्यात हिरोचं लग्न लावलं आणि वाट लावली. “गुप्तहेराला घर दिलं की पिक्चर मेला, काकू.” चौथ्यात नुसता कॉम्प्युटर. शिवाय त्याच निर्मात्याच्या दुसऱ्या मालिकांमधले हिरो आता या मालिकेत येऊन-जाऊन असतात, त्याला ‘युनिव्हर्स’ म्हणायचं. मला ते लांबच्या नातेवाइकांनी लग्नात डोकावून, जेवून निघून जाण्यासारखं वाटलं, आणि तसं मी म्हटलं. ज्याला देशातलं शेंबडं पोर चष्म्यावरून ओळखतं तो कसला गुप्तहेर, हेही म्हटलं. तो रागावत नसे. तुम्ही लॉजिक घेऊन बसता, एवढंच म्हणायचा.

रागवायचा फक्त एका गोष्टीवर. पिक्चर बघितला नाही त्याला गोष्ट सांगायची नाही. चौथ्या भागात शेवटी कोण मरतं हे त्याचा मेहुणा सुयोग बंदरावर बोलून गेला, तर चंदूने त्याला क्लबमधून काढलं आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्याशी अबोला धरला. बायको, कमळ, भावासाठी रडून दमली. सस्पेन्स फोडणारा माणूस आणि जाळं कापणारा माणूस सारखाच, असं त्याचं म्हणणं. मी त्याला मूर्ख म्हटलं. आता वाटतं, शब्द कमी पडला.

पाचव्या भागाचं शूटिंग वेसाव्याच्या खाडीत आलं ते मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारीची बंदी लागायच्या तोंडावर. बोटी किनाऱ्याला ओढायची वेळ. कंपनीला एक चांगली, मोठी बोट हवी होती. चंदूने आपली दिली. ती नवी बोट त्याने दोन वर्षांपूर्वी उतरवली होती आणि तिचं नाव होतं ‘चंपामाय’. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना, पिवळ्यावर लाल, हातभर उंचीची अक्षरं. कोळ्यांकडे बोटींना देवांची नावं असतात नाहीतर आईबापाची. बोट पाण्यात जाताना त्या नावाने तिची पूजा होते, ओटी भरतात, आणि मग ती बोट म्हणजे घरातली बाई. तिला कोणी चप्पल घालून ओलांडत नाही.

सेट सजवणाऱ्यांत पूर्वी नावाची एक मुलगी होती. तिने खोट्या नावाची फळी रंगवून आणली होती. ती खऱ्या नावावर ठोकायची आणि शूटिंग झालं की काढायची, अशी त्यांची रीत. चंदू अडून बसला. नाव दिसणार नसेल तर बोट मिळणार नाही. सतरा नंबरच्या पिक्चरमध्ये त्याच्या आईचं नाव येणार आणि हे लोक त्यावर फळी मारतात म्हणजे काय! पूर्वीने त्याला बाजूला घेऊन समजावलं, हे त्याने स्वतःच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “दादा, आधी बोटीचा सीन काय आहे ते ऐकून तरी घ्या.”

आणि या गृहस्थाने कानांवर हात ठेवले. खरोखर ठेवले. सस्पेन्स फुटेल म्हणून.

तिने कुणाला तरी फोन केला, पलीकडून होकार आला, चंदूने परवानगीवर सही केली. हिरो त्याच्या बोटीवर उडी मारताना त्याने डोळ्यांनी बघितला. बाकी सगळं शूटिंग चालू असताना तो मुद्दाम लांब, जाळी विणत बसला होता. मालकाने आपल्याच बोटीकडे पाठ करून बसायचं, हे बघून लोक हसत होते.

पिक्चर जानेवारीत लागला. पहिल्या दिवसाचा सकाळचा खेळ क्लबने जवळजवळ अख्खा घेतला होता. राहिलेल्या खुर्च्या बाहेरच्या पोरांनी भरल्या. बसमधून बायका आल्या, लुगडी, गजरे, गळ्यात सोनं. बाहेर बेंजो. चंदूने मलाही नेलं, जिन्यावर हाताला धरून. थिएटरच्या दारात हिरोचं उंच चित्र उभं होतं. चंदूने त्याच्यापुढे नारळ फोडला आणि चंपाने ताट घेऊन त्याला ओवाळलं. मुलाने सांगितलं म्हणून. तिला तो हिरो कोण हे धड माहीत नव्हतं. ती आपलं नाव बघायला आली होती.

मध्यंतरापर्यंत पोरं पडद्यापुढे नाचत होती. मध्यंतरानंतर पहाटेचा समुद्र आला. धुक्यातून एक नाळ पुढे-पुढे आली आणि पडदाभर अक्षरं झाली. चंपामाय. अख्खा कोळीवाडा उभा राहिला. नावाचा गजर, शिट्ट्या. चंपाने पदर डोळ्यांना लावला. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मग कॅमेरा बोटीच्या पोटात उतरला. बर्फ बाजूला झाला आणि खाली मासळी नव्हती, पेट्या होत्या. कोळ्याचा रुमाल नेसलेला, डोक्यावर आपली तीच लाल टोपी घातलेला एक नट नोटांचं बंडल कमरेला खोचत होता. तिकडे दूर देशात व्हिलनने फोन उचलला आणि थंड आवाजात म्हणाला, “चंपामाय निकल चुकी है.”

गजर एकदम थांबला नाही. पुढच्यांना कळलं, मागच्या रांगांतल्या पोरांना कळायला वेळ लागला, ती आणखी थोडा वेळ नाव घेत राहिली. मग तीही गप्प झाली. पडद्यावर त्या पेट्यांतल्या बॉम्बने बाजार उडाला, माणसं मेली. ते वाक्य पुन्हा आलं. शेवटी सतरा नंबरने उडी मारून त्या कोळ्याचा गळा चिरला आणि बोट पेटवून दिली. जळताना नाव पुन्हा पडदाभर. बाहेरून आलेल्या पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं. त्यांचं काय चुकलं? देशाचा शत्रू मेला होता.

चंपाने मला विचारलं, “बाय, माजी बोट खरीच जालली काय?”

बोट वेसाव्याला सुखरूप होती, सकाळी ती तिच्यावरूनच नजर फिरवून आली होती. मी म्हटलं, अगं, आग खोटी असते, कॉम्प्युटरवर करतात.

ती म्हणाली, “मंग नाव कशाला खरा ठेवला?”

चंदू तिच्या पलीकडेच बसला होता. त्याने ऐकलं. पिक्चर संपल्यावर सगळा कोळीवाडा उठून गेला, पण तो नावं संपेपर्यंत बसून राहिला, कारण या पिक्चरांत अगदी शेवटी पुढच्या भागाचा एक तुकडा दाखवतात. सवय होती, की अजून काही बदलेल असं त्याला वाटत होतं, मला माहीत नाही. तुकड्यात सहाव्या भागाचा व्हिलन आला. झाडू मारणारा माणूस रांगांतून फिरायला लागला, तेव्हा चंदू उठला.

समुद्रातून एकदा या शहरावर काय आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर कोळ्यांनी ओळखपत्रं गळ्यात घातली, तपासण्या सोसल्या, समुद्रात काही संशयाचं दिसलं तर आधी आम्ही कळवू म्हणून शब्द दिला. त्यांनाच पडद्यावर फितूर केलं, आणि केलं ते आपल्यातल्याच एकाच्या बोटीवर, त्याच्या हट्टाने. कोळीवाड्यातले वडीलधारे चंदूला हेच बोलले. निर्मात्याला शिव्या देऊन झाल्यावर त्यांना समोर बसलेला चंदूच सापडला. क्लबच्या फळ्यावर कोणीतरी शेण मारलं.

पिक्चर प्रचंड चालला. ते वाक्य पोरांच्या तोंडी बसलं, मोबाईलवर त्याची गंमत सुरू झाली. बायको माहेराहून निघाली, चंपामाय निकल चुकी है. सासू गावाहून येतेय, तेच. समुद्रावर दुसऱ्या बोटींचे तांडेल वायरलेसवर तेच म्हणायचे आणि हसायचे. चंदू वायरलेस बंद करून ठेवू लागला. तांडेलाने वायरलेस बंद ठेवणं म्हणजे काय, हे त्याच्या खलाशांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यातले दोघे दुसऱ्या बोटीवर गेले.

तो त्या कंपनीत जाऊन आला. नाव पुसट करा, एवढीच मागणी. पूर्वी खाली येऊन भेटली, चहा पाजला, तिच्या हातात काही नाही म्हणाली आणि बिचारी खरंच बोलली. वरच्या एका पोरसवदा साहेबाने हात मिळवून अभिनंदन केलं. म्हणाला, सहाव्या भागात बोट परत लागेल, जळालेली असली तरी फ्लॅशबॅक असतो.

पण खरी सजा बाजारात बसलेल्या बाईला झाली. चंपाला सगळा बाजार नावाने ओळखायचा. तीच तिची पाटी. नवी गिऱ्हाइकं नाव ऐकून थबकायची, हसायची. आज पेटीत काय, बॉम्ब का, असं विचारायची. जुन्या गिऱ्हाइकांनाही मोह आवरेना. ती आधी हसली, मग शिव्या दिल्या, मग गप्प बसू लागली. एका रविवारी एक जोडपं आलं, मुलीने मोबाईल धरला, मुलगा पापलेट उचलून ते वाक्य बोलला. चंपाने मासळी धुतलेल्या पाण्याची बादली त्याच्या अंगावर ओतली. मुलीचा मोबाईल चालूच होता. दुसऱ्या दिवशी ते चित्रण पिक्चरच्या संगीतासकट सगळीकडे. खाली लिहिलेलं, खरी चंपामाय सापडली. लोक तिला बघायला बाजारात आले. मासळी घ्यायला नव्हे.

त्यानंतर ती पाटावर बसली नाही. कमळने बसायचं, अशी रीत. सासूची जागा सुनेला. कमळ म्हणाली, मी त्यांची सून म्हणून बसले तरी तेच ऐकावं लागणार. जागा शेजारणीला गेली.

मी वेसाव्याला गेले तेव्हा चंपा आतल्या खोलीत पंख्याखाली बसली होती, दुपारी दार लावून. चंदू उंबऱ्यावर. ती त्याला सांगत होती, माजा नाव पूस. तो म्हणत होता, पूजा झालेल्या बोटीचं नाव पुसायचं नसतं, घरातल्या बाईचं नाव पुसतात का? आणि मग त्याने त्याच्या अकलेप्रमाणे समजूत घातली. “आये, जरा धीर धर. सहावा आला का पाचवा कोन आठवत नाय. पब्लिक अशीच असते.”

“आनि तवर?” चंपाने विचारलं.

मी त्याला सांगितलं, पूस. पूजेचं पाप माझ्या डोक्यावर घाल.

त्याने दुसऱ्या दिवशी नाळेवरची अक्षरं खरवडून काढली. मदतीला कोणी आलं नाही. नवं नाव काय द्यायचं ते विचारायला तो आईकडे गेला, तर तिने तोंड फिरवलं. आता नोंदणीचा नंबर तेवढा आहे, कागदोपत्री नाव बदलायचं बाकी आहे, आणि तो ते लांबवतोय. सतरा नंबरचा फोटो केबिनमध्ये आहे की काढला, मी विचारलं नाही. रविवारी तो अजून मासळी आणून देतो. पिशवी दारात ठेवतो, स्टुलावर बसत नाही. सिनेमाचं अवाक्षर नाही. या माणसाच्या बडबडीला मी कंटाळले होते, आणि आता तो गप्प दारात उभा असतो तेव्हा मला काही सुचत नाही.

बोटीवरचं नाव गेलं म्हणून चंपा बाजारात परतली नाही. बोटीचं नाव खरवडता येतं. पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा गेले होते. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. मी दारातून नेहमीसारखी मोठ्याने हाक मारली, चंपा, आहेस का? ती आतून घाईघाईने आली, माझ्या दंडाला धरून मला आत ओढलं आणि कडी लावली.

“नावानी नको बोलवू, बाय,” ती म्हणाली. “पोरं ऐकतान.”

मी मग विचारलं, काय म्हणू? तिने खांदे उडवले. चहा टाकला. मी तिला आता चंदूची आई म्हणते.