डोकं सांभाळणारे कोच

"आज वार कोणता?" कोणी धडपडलं की आमच्या कोचचा हा पहिला प्रश्न. कँटीनमध्ये ओल्या फरशीवर मी सपशेल आडवा झालो, तर हात द्यायच्या आधी त्यांनी मला वार विचारला. मी म्हणालो, "सोमवार. आणि माझी कंबर मोडलीय." "कंबर नंतर बघू, आधी डोकं जागेवर आहे का ते कळू दे," ते म्हणाले.

इंग्लंडात लेस्टरच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघं एक्स-रे काढायचो. तरुणपणी ते अमेरिकेत शिकले आणि तिथे कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये बाकावर बसून राहिले. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी येऊन आदळायचं. बाकावरून कोण कसं आदळतं ते नीट दिसतं, असं ते सांगत.

इथल्या युनिव्हर्सिटीत तो खेळ नवा होता. कोच व्हायला कोणी मिळेना, म्हणून हे बिनपगारी गेले. हेल्मेटं कमी, मुलं जास्त. बाहेर येणाऱ्याचं हेल्मेट आत जाणाऱ्याच्या डोक्यावर! त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घामट जर्सी धुऊन बागेत वाळत घालायच्या. शेजारीण विचारायची, "हाऊ मेनी सन्स हॅव यू गॉट?" वहिनी नुसत्या हसायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

काही वर्षांनी टीम फायनलला पोचली. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या सर्जनसाहेबांचा मुलगा. टीम पुढे होती आणि तो डोक्यावर आपटला. कोचनी वार विचारला. तो म्हणाला, "सॅटर्डे." होता रविवार. त्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि मॅच हातची गेली.

इकडे क्लब मुलंच चालवतात. कोच ठेवायचा की नाही, तेही मुलंच हात वर करून ठरवतात. काढायचा ठराव मांडला तो याच दिवट्याने. "काका, इट्स नॉट पर्सनल. पण माझा डोकं ठीक होता. वी नीड समवन हू वॉन्ट्स टू विन."

सगळे हात वर गेले. ज्यांचे घामट कपडे वहिनींनी धुतले, त्यांचेही.

कोचनी त्याच आठवड्यात सर्जनसाहेबांना फोन केला. "नव्या कोचला एवढं सांगा, पोराच्या डोक्याला पुन्हा लागलं तर लगेच बाहेर काढा."

"अहो, मुलं मोठी आहेत आता. तुम्ही सोडा की तो विषय."

पुढच्याच मोसमात मुलगा तसाच आपटला. उठला, त्याला कोणी काही विचारलं नाही, तो खेळत राहिला. दुसऱ्यांदा पडला तो उठला नाही. जीव वाचला, पण साधं वाक्य बोलतानाही तो शब्द शोधत बसतो. शिक्षण सुटलं ते सुटलंच.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत साहेबांनी कोचना दारातच गाठलं. "त्या दिवशी तुम्ही मैदानावर असायला हवं होतं हो."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तोच कोचनी माझा दंड दाबला. वहिनींच्या चपला शोधून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या आणि दोघं गेले.

वर्षाच्या आत त्यांनी लेस्टर सोडलं आणि तिकडे लंडनजवळ स्लाऊला घर केलं. मंडळात अजून कधी त्यांचा विषय निघतो. तेव्हा सर्जनसाहेब मान हलवून म्हणतात, "माणूस चांगला. पण ऐन वेळी नसतो."