न बघितलेला टाळू

सोलापुरातल्या एका दवाखान्यात नव्या सिस्टरांना बाळ तपासायला मी शिकवते. माझ्या तोंडाला सगळ्या घाबरतात. पण मी स्वतः कशी शिकले, ते सांगायची मला लाज वाटते.

आम्हाला शिकवलं ते रबरी बाहुलीवर. तिचं तोंड नुसतं रंगवलेलं, उघडतच नव्हतं. ओळीनं एकेकीनं म्हणायचं, "तोंड, टाळू, नॉर्मल," की पुढची. वॉर्डातही तेच चाललं. ओठ फाटलेला नाही ना, मग मार टिक. जीभ दाबून, टॉर्च लावून तोंडात वर टाळूपर्यंत बघायचं असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. कुणी करून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जेऊरकडची एक पोरगी पहिलटकरीण होती. नवरा चिंचोळीला कारखान्यात. तिसऱ्या दिवशी तिनं भीत भीत विचारलं, "सिस्टर, बाळाच्या नाकातनं दूध येतंय. असं हुतं का?" मी घाईत होते. सासूसमोरच खेकसले, "तुला बाळ धरताच येत नाही. झोपून पाजल्यावर काय होणार?" सासूला तेवढंच पाहिजे होतं.

आठ दिवसांनी ती परत आली. बाळ पार वाळलेलं, रडायलाही जोर नाही. डॉक्टरांनी टॉर्च लावला आणि मला जवळ बोलावलं. टाळूला मागच्या बाजूला भेग होती, दूध तिथूनच नाकात जात होतं. फॉर्मवर 'नॉर्मल', खाली माझी सही. ती पोरगी मलाच समजावत होती, "बसूनच पाजलं हो सिस्टर. तुमी सांगितल्यापास्नं एकदाबी आडवी झाले न्हाय." सासू शेजारीच होती. तरी चूक माझी आहे, हे मी सांगितलं नाही.

बाळ वाटी-चमच्यानं तगलं, पुढं ऑपरेशनही झालं. शिकवायची बाहुली मी कपाटात टाकली. आता बाळाच्या आईला विचारून शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला खऱ्या बाळाचं तोंड उघडून बघायला लावते. ही हकीकतही सांगते, पण 'एका सिस्टरनं असं केलं' म्हणून. एकदा एक मुलगी फटकन म्हणाली, "असल्या सिस्टरला घरी बसवायला पाहिजे." मी म्हटलं, "हो ना."

मागच्या महिन्यात ती पोरगी बाळाला लसीला घेऊन आली, सासूही बरोबर. मी सासूला म्हटलं, "मावशी, तेव्हा हिची काही चूक नव्हती. मी बाळाच्या तोंडात बघितलंच नव्हतं."

"जाऊ द्या की सिस्टर. पोरगं आता चांगलं हाय."

पोरीनं मान वर केली नाही. बाळाच्या अंगड्याचे बंद बांधत सासूला म्हणाली, "आत्या, घरात समदी अजून मलाच बोलत्यात." मग माझ्याकडं बघितलं. "मालक भाईर गाडीपाशी हायेत. त्यांनाबी सांगा."

मी बाहेर गेले आणि तिच्या नवऱ्यालाही सांगितलं.