पाणबुड्याचे घड्याळ

पोलिसांतली चौतीस वर्षे मागे वळून पाहिली, तर बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता चोर कोणत्या घरफोडीतला, हे फाईल उघडल्याशिवाय मला सांगता येणार नाही. या केससाठी मात्र फाईल लागत नाही. तीत रक्त सांडले नव्हते, वर्तमानपत्रांत चार ओळीही आल्या नाहीत. तरीही नोकरीतल्या कोणत्या कामाचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो, असे कोणी विचारले की मी हीच केस सांगते.

मी आठ वर्षांची असताना वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून जर्मनीत आलो. आईने दर रविवारी शुद्धलेखन लिहून घेतले, म्हणून मराठी टिकली. पुढे मी इथल्या पोलिसांत भरती झाले, जर्मन माणसाशी लग्न केले. त्यामुळे आडनाव जर्मन, केस आखूड, आणि बोलणे पक्के इथल्या हेसेन प्रांताचे. लोक मला तुर्की समजत, कधी इराणी. मराठी मात्र कोणी समजत नसे. या केसमध्ये त्याचाच प्रश्न आला.

निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. मी डार्मश्टाटमध्ये फसवणुकीच्या विभागात होते. एका सकाळी ड्युसेलडॉर्फहून तक्रार वर्ग होऊन आली. तिथल्या एका व्यावसायिकाने इंटरनेटवरची जाहिरात पाहून पाणबुड्याचे एक जुने, नामांकित स्विस बनावटीचे घड्याळ रोख पैसे देऊन विकत घेतले होते. चार दिवसांनी त्याने लिहिले, की घड्याळाची तबकडी बनावट आहे, आपली फसवणूक झाली. पुरावा म्हणून घड्याळही त्याने पोलिसांकडे जमा केले होते.

अशा घड्याळांचा बाजार मला तेव्हाच समजला. घासून गेलेल्या कडा, उन्हाने विटलेली रिंग, काचेवरचे ओरखडे यांना शौकीन लोक नावे ठेवत नाहीत, उलट जास्त किंमत देतात. पण तबकडी मूळचीच लागते. ती बदललेली निघाली तर किंमत कोसळते.

विकणारा माणूस मूळचा पुण्याचा, आता आमच्याच शहरात राहणारा. मेकॅनिकल इंजिनिअर, वय चाळिशीच्या आसपास, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. घड्याळ त्याचे नव्हतेच. ते त्याच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्याचे होते. या गृहस्थांनी तरुणपणी पाणबुड्या म्हणून नद्यांवरच्या पुलांचे खांब आणि धक्क्यांची दारे दुरुस्त केली होती. आता पाय चालत नव्हते. घड्याळ विकून बॅटरीवरची तीनचाकी घ्यायची आणि कोणाला न विचारता शहरातल्या तलावापर्यंत जायचे, एवढीच त्यांची इच्छा. जाहिरात कशी टाकायची ते त्यांना येईना, म्हणून वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरने ते काम अंगावर घेतले. मोबदला काही नाही.

मी म्हाताऱ्यांना भेटले तेव्हा ते संतापले होते. "हे घड्याळ मी विशीत घेतलं. उघडलं असेल तर तेल घालायला, तेही माझ्या डोळ्यांसमोर. डायल खोटी? मग मी साठ वर्षं, पाण्याखालीसुद्धा, कुठली वेळ बघत होतो?"

त्यांचा राग खरा होता. पण राग हा पुरावा नसतो. घड्याळ विकण्याआधी आठवडाभर इंजिनिअरच्या घरी होते. हत्यारे हाताळणारा माणूस. तबकडी बदलायला वेळ होता, अक्कल होती. कागदावर संशय त्याच्याकडेच जात होता.

मी त्याला चौकशीला बोलावले. गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क वाचून दाखवला. दुभाषा हवा का विचारले, तर जर्मन पुरेसे येते म्हणाला. येतही होते. सोबत त्याची बायको आली होती, ती बाहेर बाकावर बसली. शेजारी माझा तरुण सहकारी टिपणे घेत होता. इंजिनिअरने जाहिरात, भेट, पैसे, पावती, सगळे नीट क्रमाने सांगितले. मग मी विचारले, "जाहिरातीतले फोटो धूसर आहेत. आणखी फोटो आहेत का?"

त्याने दरवाजाकडे पाहिले आणि म्हणाला, "नाहीत."

स्वतःसाठी खोटे बोलणारा माणूस माझ्याकडे बघतो. आपण पटलो का, हे त्याला तपासायचे असते. दुसऱ्या कोणासाठी खोटे बोलणारा त्या दुसऱ्या माणसाच्या दिशेने बघतो. हे मी कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही, शेकडो चौकशा करून कळले आहे. दरवाजापलीकडे त्याची बायको होती. मी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

कॉफीचे यंत्र कॉरिडॉरमध्ये, त्यांच्या बाकापासून चार पावलांवर. मी कप भरत होते. दोघे मराठीत बोलू लागले, अगदी मोकळेपणाने.

"विचारलं का फोटोचं?" ती म्हणाली.

"विचारलं. नाही म्हणालो."

"अरे, का? तो फोटो दाखवला की सुटशील तू."

"आणि तुझं काय? नोकरी जाईल तुझी. मला होऊ दे काय व्हायचं ते."

"सिटिझनशिपचा अर्ज अडकलाय आपला. केस चालू असेपर्यंत तो हलणार नाही. मुलीला काय सांगणार आहेस?"

"हळू बोल."

"कोणाला कळतंय इथे? ऐक, त्या रात्री मी..."

या क्षणी मी नुसती उभी राहिले असते, तरी पुरे होते. कप हातात होता, यंत्र आवाज करत होते. दोन वाक्ये आणखी ऐकली असती तर सगळे समजले असते. मी वळले आणि म्हणाले, "ताई, थांबा. मला मराठी येतं. साताऱ्याची आहे मी."

दोघांचे चेहरे पांढरे पडले. इंजिनिअर उठून उभा राहिला. मी पुढे सांगितले, "आतापर्यंत जे कानावर पडलं त्याची नोंद मला करावी लागेल, तशी मी करणार. पुढचं मात्र असं चोरून ऐकणार नाही. तुम्ही त्यांच्या पत्नी आहात, साक्ष द्यायची सक्ती तुमच्यावर नाही. स्वतःला अडचणीत आणणारं काही सांगायची तर अजिबात नाही. वकिलाशी बोला, घरी जाऊन बोला. मग ठरवा."

माझा सहकारी दारात उभा होता. त्याला भाषा कळली नाही, पण काय घडले ते कळले. ते दोघे गेल्यावर तो म्हणाला, "दोन मिनिटं गप्प राहिला असतात तर केस आजच संपली असती!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले. "म्हणूनच बोलले."

त्या दिवशी घरी जाताना मी अगदी निर्धास्त होते, असे म्हणणार नाही. त्या बाई परत आल्या नसत्या, तर एक निर्दोष माणूस केवळ माझ्या तत्त्वापायी लटकला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्या आल्या. समोर बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "आधी मी माझ्या साहेबांना सगळं सांगून आले. त्यांना बाहेरून कळायला नको होतं. आता तुम्हाला सांगते."

त्या इथल्या एका रुग्णालयात, कॅन्सरच्या रेडिएशन विभागात भौतिकशास्त्रज्ञ होत्या. घड्याळ घरात येऊन आठवडा होत आला तेव्हा त्यांना आठवले, की त्या काळच्या घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावत. चमक काही दशकांत मरते, पण किरणोत्सर्ग शेकडो वर्षे राहतो. घरात पाच वर्षांची मुलगी. म्हणून विक्रीच्या आदल्या दिवशी त्यांनी विभागातले मोजण्याचे यंत्र रजिस्टरमध्ये नोंद न करता पिशवीत घालून घरी आणले. घड्याळावर धरले, आकडा भराभर वर गेला. त्यांनी फोनवर फोटो काढला, घड्याळ डब्यात घालून बाल्कनीत ठेवले आणि सकाळी यंत्र जागेवर परत नेले. खरेदीदारालाही नवऱ्याने सांगितले होते, की हे रेडियमचे आहे, उघडू नका. तो हसून "माहीत आहे" म्हणाला होता.

फोटो स्पष्ट होता. घड्याळ, शेजारी यंत्र, यंत्रावरचा आकडा. आणि तबकडीवर चारच्या ठिपक्यापाशी बदामाच्या आकाराचा एक तपकिरी डाग. आमच्याकडे जमा असलेल्या घड्याळात असा डाग कुठेच नव्हता.

मी घड्याळ आणि त्यांचा फोन, दोन्ही राज्याच्या गुन्हे प्रयोगशाळेत पाठवले. फोटो विक्रीच्या आदल्या दिवशीचाच असल्याचे निघाले. जमा केलेल्या घड्याळाची तबकडी थंड होती, तिच्यात किरणोत्सर्ग नव्हता. पण तबकडीच्या मागे, यंत्रणेवर आणि कवचाच्या आतल्या बाजूला रेडियमचे अंश सापडले. म्हणजे अनेक वर्षे तिथे वेगळीच तबकडी बसलेली होती. आदल्या दिवसापर्यंत ती जागेवर होती, हे फोटो सांगत होता.

मग ती गेली कुठे? मी त्या डागाचा फोटो माझ्या ओळखीच्या घड्याळजींना पाठवला. नऊ दिवसांनी फ्रँकफर्टहून एका म्हाताऱ्या कारागिराचा फोन आला. "आल्झो, तर मग बाईसाहेब, तुमचा डाग माझ्या टेबलावर आहे." कोणीतरी त्याला तबकडी पाठवून विचारले होते, की ही दुसऱ्या एका घड्याळात बसेल का. पाकिटावर आमच्या तक्रारदाराच्याच कंपनीचा पत्ता होता.

ड्युसेलडॉर्फला मी स्वतः गेले. आता तक्रारदारच संशयित होता. हक्क वाचून दाखवल्यावर तोही बोलायला तयार झाला, वकील शेजारी बसवून. सूट चांगला, आवाज शांत. अशा माणसाला मी आधी पुरावा दाखवत नाही. त्याला त्याच्या वाटेने चालू देते.

"विकत घेतल्यावर तुम्ही घड्याळ उघडलं?"

"मुळीच नाही. बाहेरूनच कळलं."

मी फ्रँकफर्टची तबकडी टेबलावर ठेवली. "ही तुमची?"

त्याने वाकून पाहिले. "हो. मागच्या वर्षी जुन्या बाजारात घेतली. अशा बऱ्याच आहेत माझ्याकडे."

"नक्की मागच्या वर्षी?"

"नक्की."

मग मी फोटो ठेवला. त्यावर विक्रीच्या आदल्या दिवसाची तारीख, त्यात तीच तबकडी, तोच डाग, आणि ती म्हाताऱ्यांच्या घड्याळात बसलेली. त्याने फोटो उचलला नाही. वकिलाने फाईल मिटली आणि थोडा वेळ मागितला. परत आल्यावर कबुली झाली. मूळ तबकडी काढून घ्यायची, नकली बसवायची, तक्रार करून पैसेही परत मिळवायचे, असा बेत होता. विकणारा परदेशी आहे, घाबरून पैसे देईल, असा त्याचा हिशेब होता. तेही त्याने सांगितले, आणि ते मी जबाबात शब्दशः लिहिले.

इंजिनिअरवरची केस बंद झाल्याचे पत्र गेले आणि त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकला. बायकोला रुग्णालयाने लेखी ताकीद दिली, नोकरी राहिली. तिच्या साहेबांनी तिला सांगितले म्हणे, की यंत्र नेलेस हे चूक, पण स्वतःहून येऊन सांगितलेस, म्हणून तुझ्यावरचा विश्वास गेलेला नाही. सौदा रद्द होऊन घड्याळ म्हाताऱ्यांकडे परत आले. फ्रँकफर्टच्या कारागिराने तबकडी जागेवर बसवली आणि त्यानेच प्रामाणिक गिऱ्हाईकही मिळवून दिले. म्हाताऱ्यांना तीनचाकी मिळाली. शेवटच्या एका कागदावर त्यांची सही घ्यायला मी गेले तेव्हा ते घरी नव्हते, आणि मला फार बरे वाटले.

तपासाचा अभिमान मला आहेच. आदेश वेळेत मिळवले, पुराव्याची साखळी कुठे तुटली नाही, आरोपीला त्याच्याच उत्तरांत अडकवले. हे काम मला येत होते आणि मी ते चांगले केले. पण असे काम माझ्या विभागात आणखी चारजण करू शकले असते.

तो कॉरिडॉर मात्र माझ्या एकटीचा होता. वर्षानुवर्षे सहकारी गमतीने म्हणत, तुझी भाषा म्हणजे लपवलेला मायक्रोफोन. मीही हसत असे. त्या दिवशी माझ्याच आईच्या बोलीत एक बाई नवऱ्याशी भांडत होती, आणि तिला वाटत होते की या इमारतीत निदान आपले बोलणे तरी आपले आहे. मी गप्प राहिले असते तर तीच माहिती, तोच फोटो, तोच निकाल मिळाला असता. फाईलमध्ये काडीचा फरक दिसला नसता. पण मग ते मी तिच्याकडून काढून घेतलेले असते. मी बोलले, म्हणून ती घरी गेली, रात्रभर विचार केला, साहेबांसमोर उभी राहिली आणि स्वतःच्या पायांनी चालत माझ्याकडे आली. खरे बोलण्याची संधी मी तिला ठेवली आणि तिने ती घेतली. चौतीस वर्षांत माणसांकडून खरे काढून घ्यायला मी शिकले होते. खरे बोलायला माणसाला जागा द्यावी लागते, हे मात्र शेवटच्या तीन वर्षांत शिकले.